सकीना आपा आणि गिळलेला ह

लोक तिला झेरॉक्सवाली म्हणायचे. अजून म्हणतात. ती गेल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीतला एक जण माझ्या घराच्या पायरीशी थांबून म्हणाला, "काकू, ती झेरॉक्सवाली गेली म्हणं." मी मशीन थांबवलं. त्याला विचारलं, तुझ्या थोरलीचे कागद कुणी नीट करून दिले? तो म्हणाला, आपानं. मग आपा गेली म्हण, मी म्हणाले. त्याला ते लागलं. लागू दे. चार दिवस तो माझ्या दारापुढून मान खाली घालून गेला आणि पाचव्या दिवशी बायकोचे ब्लाउज घेऊन आला.

तर सकीना आपा. दहिवलीत तिचं दुकान आणि माझं दुकान एका भिंतीला लागून होतं. भिंत तरी काय, छपरापर्यंत न पोचलेली. तिकडून झेरॉक्सच्या मशीनचा आवाज, इकडून माझ्या शिवणयंत्राचा, आणि दोन्ही आवाजांच्या वरून आमच्या गप्पा. मी तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी मी तिला आपाच म्हणायची, कारण सगळं दहिवली म्हणायचं. ती मला वैनी म्हणायची. तिचं माहेर म्हसळ्याचं, सासर खालापूरकडचं. नवरा लवकर गेला. या दुकानात ती कशी आली ते मी तिला कधी नीट विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. त्यापुढचं माझं शिक्षण आपाच्या रद्दीतून झालं. झेरॉक्स वाकडी आली, शाई पसरली, की तो कागद ती भिंतीवरून माझ्याकडे टाकायची, ब्लाउजचे साचे कापायला. कुणाच्या नावाचा कागद असला तर आधी फाडायची. नियमांचे, माहितीपत्रकांचे, कोऱ्या अर्जांचे तेवढे मला. मी ते आधी वाचायची आणि मग कापायची. 'नॉन क्रिमीलेअर' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एका पाठीच्या तुकड्यावर. वसतिगृहाचे नियम बाहीवर. असं करता करता मला एवढं कळायला लागलं, की गिऱ्हाईक बायका माप देता देता मला पोरांच्या प्रवेशाचं विचारायच्या आणि भिंतीपलीकडून आपा ओरडायची, "वैनी, चुकीचं सांगतेस. नियम बदलला. तुझी बाही जुनी हाय."

ठेंगणी होती. चष्मा दोरीला बांधलेला, कानामागे हिरव्या शाईचं पेन, ओढणी कमरेला खोचलेली. मुठीत कायम भाजलेले फुटाणे. बोलताना एकेक तोंडात टाकायची आणि समोरचा काही खुळचट बोलला की चावायची थांबायची. ती थांबली की समजायचं, आता काही खरं नाही.

बाकीच्या झेरॉक्सवाल्यांचा हंगाम जूनमध्ये. बारावीचे निकाल लागतात, आईबाप पिशव्या घेऊन धावत सुटतात, दुकानांपुढे रांगा. आपाचा हंगाम मेमध्ये. अकरावीचा निकाल लागला की ती दुकानाबाहेर एक बाकडं टाकायची. जाणारं-येणारं पोर दिसलं की हाक, "कितवी?" अकरावी झाली, असं उत्तर आलं की पुढचा एकच शब्द, "बस." ओळख असो, नसो. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, ठाकरवाडीतलं असो. एकदा एक पोरगी नुसती सरबताच्या गाडीकडे चालली होती. तीही बसली.

बसलं की काय? तर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून हातात द्यायची. त्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं, पण मनानं नाही. आपल्याकडे जेवढे कागद आहेत त्या प्रत्येकावर जसं आहे तसं, एकाखाली एक. जन्मदाखला, आधार, दहावीचं मार्कशीट, शाळेचा दाखला. मग बापाचं, त्याच्या कागदांवरून. मग आजोबांचं. याला ती उतरंड म्हणायची. सगळं लिहून झालं की कानामागचं हिरवं पेन निघायचं आणि जिथे काना कमी, वेलांटी वेगळी, बापाच्या नावापुढे 'राव' एका कागदावर आहे नि दुसऱ्यावर नाही, तिथे गोल. काही पोरांच्या पानावर इतके हिरवे गोल व्हायचे की झाडाला मिरच्या लागल्यासारखं दिसायचं.

आईबाप वैतागायचे. एक बाई मला म्हणाली, अजून पोरगं बारावीत गेलंही नाही आणि हिला कॉलेजची घाई. आपानं भिंतीपलीकडून ऐकलंच. "बारावीत ते अभ्यास करील का तुमच्या वेलांट्या निस्तरील?" म्हणाली. "आणि निकाल लागल्यावर बघू म्हणता. तवा तुमी रांगेत. पुढं दीडशे लोक, आणि सायबाचं जेवण." त्या बाईनं दुसऱ्या दिवशी पोराला पाठवलं. रागानं पाठवलं, पण पाठवलं.

तिचं एक बोलणं मात्र रोजचं होतं. आमच्या बाजूला कसं, आम्ही 'ह' गिळतो. आम्ही नाही म्हणत, आमी. तुम्ही नाही, तुमी. मी लिहिताना सांभाळते, बोलताना माझाही जातोच. आपाचाही जायचा. पण उतरंड लिहायला बसलेल्या पोरांना ती पहिल्यांदा हेच सांगायची, "बोलताना ह गिळलास तर गिळ, पोटात जाईल. कागदावर गिळू नको, तो घशात अडकतो."

ईमेलची गंमत सांगते. अर्जाला ईमेल लागतो, तो पोरांनी कधीतरी आठवीत मोबाइलवर काढलेला असतो. एकीनं सांगितला तो असा काहीतरी, परी, मग एंजल, मग पुढे आकडे. आपानं फुटाणा चावायचा थांबवला. "हे कॉलेजात जाणार? उद्या प्राचार्य विचारतील, ही परी कोण, उडून येणार का एसटीनं?" पोरगी हसून हसून बाकड्यावरून खाली. मग आपानं तिला समोर बसवून साध्या नावाचा ईमेल काढायला लावला, त्याचा पासवर्ड पोरीच्या आईला सांगायला लावला नाही, स्वतःही ऐकला नाही, कान झाकून घेतले खरोखरचे. "कागद तुजा, किल्ली तुजी."

आणि लॅमिनेशन. तिच्याकडे लॅमिनेशनचं यंत्र होतं. शिधापत्रिका करून देईल, देवाचे फोटो करून देईल, लग्नपत्रिका करून देईल. शाळेचा मूळ दाखला करून देणार नाही. नाही म्हणजे नाही. एकदा खालापूरकडचे एक गृहस्थ आले, चांगले वजनदार, मुलाचा दाखला आणि आपला स्वतःचा घेऊन. पावसात खराब होतात, प्लॅस्टिकमध्ये घालून द्या म्हणाले. आपा म्हणाली, पिशवीत ठेवा. ते म्हणाले, बाई, यंत्र कशाला ठेवलंय मग? आपा म्हणाली, गणपतीसाठी. ते चिडून पुढच्या दुकानात गेले आणि दोन्ही दाखले करून, मुद्दाम तिच्यासमोरून फडकवत गेले. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ बाकड्यावर. कुठल्याशा कार्यालयात मूळ दाखल्याच्या मागे शिक्का मारायचा होता आणि प्लॅस्टिकवर शाई ठरेना. मला वाटलं आता ही त्यांना चांगली सुनावणार. नाही. दुय्यम प्रतीचा अर्ज लिहून दिला, स्वतः वाचून दाखवला, आणि ते उठताना एवढंच म्हणाली, "पिशव्या हायत ना घरात?"

तिला हे सगळं कशासाठी सुचलं, हे पुष्कळांनी विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर. एका मास्तरांना तिनं सांगितलं की मी वकील होणार होते, पण काळा कोट मला शोभत नाही. एका पत्रकार पोरीला सांगितलं की शाळेत माझ्या नावापुढे भावाची जन्मतारीख लागली, म्हणून मी आजतागायत त्याच्याएवढीच आहे. मला म्हणाली, "काय नाय गं वैनी, दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची खोड हाय." यातलं खरं कोणतं ते तिलाच ठाऊक. मी फार खोदलं नाही. खोदलं असतं तर चौथं मिळालं असतं.

पण अक्षताचं मात्र सगळं माझ्यासमोर झालं. ते नीट सांगते.

अक्षता कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या गावातली. अकरावी सायन्स झालेली. माझ्याकडे आली ती गणवेश घेऊन, एकच वर्ष राहिलंय, नवा नको, हाच कमरेत सैल करून द्या म्हणाली. मी टेप लावते न लावते तोच भिंतीवरून आवाज, "कितवी गं?" संपलं.

या पोरीला नर्सिंगला जायचं होतं. का, तर तिच्या धाकट्या भावाच्या वेळी ती आईबरोबर दवाखान्यात होती. वॉर्डात पुरुषांची गर्दी झालेली, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. एक नर्स आली, एकदाच ओरडली आणि सगळे बापे मुकाट बाहेर. अक्षता मला म्हणाली, "काकू, मला ते पायजे." मला हसू आलं. आपाला नाही आलं. आपा म्हणाली, मग त्यासाठी कागद लागतील.

तिचा बाप बाळाराम, मुंबईच्या एका शेठच्या फार्महाऊसवर राखणदार. झाडं, पाणी, कुत्री, सगळं बघतो. शेठनं त्याला सांगून ठेवलेलं, पोरीची बारावी झाली की माझ्या नव्या रिसॉर्टवर रिसेप्शनला बसव. बाळारामच्या मनानं तो विषय तिथे मिटलेला. मनानं वाईट माणूस नाही हो. पण कागदाला भिणारा. कागद अडला की त्याला वाटायचं, देवाचीच इच्छा दिसते. म्हणजे आता बघा, अक्षताचे कागद वेळेत नीट झाले तर नर्सिंग, नाही झाले तर रिसॉर्टच्या काउंटरवर हसत उभं राहायचं. मधलं काही नव्हतं.

उतरंड लिहिली. आजोबांच्या शाळेच्या नोंदीच्या नकलेवर म्हसकर. सातबाऱ्यावर म्हसकर. आधारवर म्हसकर. आणि अक्षताच्या शाळेच्या दाखल्यावर, त्यावरून दहावीच्या मार्कशीटवर, मसकर. आपानं त्या एका अक्षराभोवती गोल काढला आणि पेन खाली ठेवलं. जातीचा दाखला काढायचा, त्याची पडताळणी करायची, तर ती आजोबांच्या नोंदीवरून. तिथे विचारणार, या मसकर मुलीचा हा म्हसकर आजोबा कोण? आणि मसकर आडनावाची माणसं वेगळी असतातच की.

आपा तिला घेऊन हायस्कुलात गेली. तिथले लेखनिक सुट्टीतही यायचे बिचारे. ते म्हणाले, आपा, इतकं काय, बारावी होऊ द्या, एक प्रतिज्ञापत्र करा, चालून जातं. आपा म्हणाली, "चालून गेलं असं एकाचं नाव सांगा." त्यांना आठवेना. मग त्यांनीच खरी अडचण सांगितली. आम्ही लिहिलं ते तिच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून. त्या शाळेनं आपली लिहिण्यातली चूक आहे असं लेखी दिलं, तर आम्ही मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवू. पण तो बारावीच्या परीक्षेचा फॉर्म जायच्या आत. एकदा फॉर्म मसकर म्हणून गेला की दहावीवर मसकर, बारावीवर मसकर. मग ती मसकरच.

गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आपानं तीन वेळा फोन केला. ते म्हणाले, शाळा उघडल्यावर या. चौथ्यांदा तिनं फोन केला नाही. ते कसल्यातरी माहितीच्या कामाला शाळेत येणार आहेत, असं अक्षतानं कळवलं आणि आपा दुकानाला कुलूप लावून माझ्या दारात उभी. "वैनी, चल. मी लय तापले की माझी ओढणी खेच." एवढंच माझं काम. शेअर रिक्षात बसलो, पुढचा तुकडा चाललो. मेचं ऊन. आंब्याखाली कोंबड्यासुद्धा चोच उघडून बसलेल्या.

गुरुजी भले होते. बीडकडचे, बारा-तेरा वर्षं याच शाळेत. अक्षताला पहिलीत त्यांनीच घेतलेलं, नोंदही त्यांच्याच हातची. रजिस्टर काढलं, बघितलं, सुंदर अक्षरात मसकर. बाळारामला फार्महाऊसवरून बोलावून घेतलं होतं. तो आला तो पायाला पाण्याचा चिखल तसाच, आणि व्हरांड्यातच उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "बघा, पालक जे सांगतात तेच मी लिहितो. यांनी मसकर सांगितलं, मी मसकर लिहिलं. आता यांनी लिहून द्यावं की नाव मी चुकीचं सांगितलं. मग आपण बघू."

बाळाराम लगेच पुढे आला. "देतो की गुरुजी. माजीच चूक. आमी अडाणी मानसं." पेन हातात घेतलंसुद्धा.

आपानं ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. मी ओढणी खेचली. तिनं उलट हिसका दिला, मीच पुढे आले.

ती गुरुजींना म्हणाली, ह्यानं चुकीचं सांगितलं असं लिहून दिलं तर ती शाळेची चूक राहत नाही. मग प्रस्ताव जात नाही. मग नाव बदलायचा लांबचा रस्ता, आणि तोवर पोरीचं वर्ष गेलं. गुरुजींनी मान हलवली, त्यांनाही ते माहीत होतं. पण शाळेची चूक म्हणून सही करायची तर उद्या वरून कुणी विचारलं तर? त्यांनी तसं बोलून दाखवलं. नोकरीतला माणूस, त्याचंही खोटं नव्हतं.

आपा बाकावर बसली. आवाज एकदम खाली आणला. ती चढ्या आवाजात असली की मला भीती नसायची, अशी बोलायला लागली की असायची.

"गुरुजी, मी मसळ्याची. आमच्याकडं समदे मसळा म्हणतात. मी बी म्हणते. एसटीवर काय लिवलंय?"

"म्हसळा."

"मंग एसटीवाल्यानं बरोबर ऐकलं म्हणायचं."

गुरुजी हसले. म्हणाले, "आपा, गावाचं वेगळं. माणसाचं नाव सांगतील तसंच लिहावं लागतं."

आपा बाळारामकडे वळली. "बाळाराम, गोठ्यात काय हाय रं तुज्या?"

तो गोंधळला. "मैस."

"एक?"

"दोन मशी."

"गुरुजी, लिवा."

गुरुजींना वाटलं थट्टा चाललीय. समोर कच्चा कागद होता, त्यावर लिहिलं. आपानं तो कागद स्वतःकडे फिरवला, हिरवं पेन काढलं आणि शब्दाखाली रेघ मारली. दोन म्हशी, असं लिहिलं होतं गुरुजींनी. त्याच सुंदर अक्षरात.

"ह्यात ह कुणी घातला?" आपा म्हणाली. "त्यानं तर सांगितला नाय."

गुरुजी त्या कागदाकडे बघत राहिले.

"त्याच्या मशीचं तुमी बरोबर लिवलंत. पोरीचं तेवढं चुकलं."

मग ती बाळारामकडे बघून म्हणाली, आणि हे मी शब्दाला शब्द सांगते, कारण मी ते घरी येऊन एका साच्याच्या कागदावर लिहून ठेवलं. "आणि तू. जिभेवर ह नाय म्हणून नावात नाय, असं थोडंच हाय? तू बरोबर सांगितलंस. तुज्या बापानं असंच सांगितलं आसंल. आपल्या बोलण्याला चूक म्हणून सही कुणाला देऊ नको. पोरीसाठी पन नको."

बाळाराम पायाचा चिखल दुसऱ्या पायानं खरवडत राहिला. अक्षता खांबाला टेकून उभी होती, तिनं बापाकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. काही गोष्टी बघू नयेत हे तिला त्या वयात कळत होतं.

गुरुजी उठले. जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत पेटीत आहेत, शोधायला दिवस जाईल, असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं. आता स्वतःच गेले. पेटी ओढत आणली, आम्ही दोघींनी हात लावला. वाळवी लागलेलं एक, पाण्यानं फुगलेलं एक. तिसऱ्यात सापडला बाळाराम, त्याच्या पहिलीच्या वर्षी. म्हसकर बाळाराम, बापाचं नाव, जन्मतारीख एक जून, त्या पानावरच्या निम्म्या पोरांसारखी. बाळाराम सहावीतून शाळा सोडून गेलेला, दाखला कधी घेतलाच नव्हता. स्वतःची नोंद त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. बोट नेलं, पण कागदाला लावलं नाही, वरच्या वर धरलं. म्हणाला, "ह्ये अक्षर आमच्या शेळके गुरुजींचं. हितलेच व्हते. त्यांनी नीट ऐकलं."

बीडच्या गुरुजींना ते लागलं असणार. पण माणूस मोठ्या मनाचा. खुर्चीत बसले, कोरा कागद घेतला आणि लिहून दिलं की सदर विद्यार्थिनीच्या आडनावाची नोंद करताना शाळेकडून लेखनात चूक झाली आहे. वडिलांच्या नोंदीची नक्कल जोडली. शिक्का मारला. मग आपाला विचारलं, "अजून कुणाचं असेल का हो असं, माझ्या हातून?" आपा म्हणाली, "आसतील की. काढा रजिस्टर." आणि आम्ही तीन वाजेपर्यंत तिथेच. सात सापडले. दोन 'म्ह', एक 'न्ह', बाकीच्या वेलांट्या. गुरुजींनी घरून डबा आणला होता तो आम्हाला दिला. आपाचे फुटाणे त्यांनी खाल्ले.

पुढचं सोपं होतं असं समजू नका. हायस्कुलात कागद पोचला आणि तिथे बसला. लेखनिक म्हणाले, प्रस्ताव एकगठ्ठा पाठवतो. जून गेला. आपा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी. काही बोलायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते म्हणाले, आपा, तुम्ही रोज का त्रास घेता? ती म्हणाली, त्रास कसला, वाटेवरच आहे. दहिवलीहून ते हायस्कूल कुणाच्याच वाटेवर नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्या आठवड्यात प्रस्ताव गेला. दुरुस्त मार्कशीट आलं ते दसऱ्याच्या सुमाराला, बारावीचा फॉर्म भरायला थोडे दिवस उरले असताना. अक्षता ते घेऊन दुकानात आली. आपानं सगळ्यात आधी पाठीमागची बाजू बघितली, मग पुढची. "लॅमिनेट करू नको," म्हणाली. एवढंच कौतुक.

शेठनं मध्ये एकदा बाळारामला विचारलं होतं, पोरगी कधीपासून येणार? हे मला बाळारामनंच सांगितलं, माझ्या दुकानात उभं राहून. तो शेठला म्हणाला, ती नाय येणार, तिचे कागद झाले. शेठ म्हणाला, कसले कागद? "म्हनलं, तिच्या नावाचे." सांगताना तो असा ताठ उभा होता की मी त्याला बस म्हणालेच नाही.

पुढच्या वर्षी आमच्या दुकानांची ती बैठी चाळ पाडायला काढली. तिथे आता उंच काहीतरी होतंय. मी माझं मशीन घरी आणलं. आपा शेलूला गेली, तिच्या पुतण्यानं नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं तिथे. झेरॉक्सचं मशीन तिनं विकलं. मला वाटलं, आता ही थकली.

नर्सिंगची यादी लागली तेव्हा अक्षता आधी माझ्याकडे आली. आम्ही दोघी शेलूला गेलो. बिल्डिंगखाली गाड्या लावायची जागा असते ना, पिवळे पट्टे मारलेली, तिथे आपा प्लॅस्टिकच्या खुर्चीत आणि पुढे सतरंजीवर तीन पोरी. दोघी त्या बिल्डिंगमधल्या, एक तिथल्या वॉचमनची. अक्षतानं मोबाइल पुढे केला. आपानं चष्मा लावला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि तिचं नाव शेवटापर्यंत वाचलं, तोंडातल्या तोंडात, प्रत्येक अक्षर. मग मोबाइल परत दिला.

"हॉस्टेलचा अर्ज केलास?"

अक्षता म्हणाली, अजून नाही, आधी तुम्हाला सांगायला आले.

"मंग इथं काय करतेस?" आपा म्हणाली. "शेवटची तारीख बघ आधी. जा." अक्षता वाकली, तिच्या पायाला हात लावला. आपानं तिच्या पाठीवर एक थाप मारली, चांगली जोरात, आणि ढकललीच. पोरगी डोळे पुसत, हसत फाटकाकडे गेली.

मी दोन मिनिटं थांबले. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी गाडी घेऊन आले. काच खाली करून म्हणाले, "मावशी, किती वेळा सांगितलं, पार्किंगमध्ये हे चालणार नाही. ही माझी जागा आहे. मला गाडी लावायचीय."

आपानं त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "गाडीला बारावी करायची नाय," म्हणाली. "थांबंल ती."

त्यांनी हॉर्न वाजवला. पोरी उठायला लागल्या. आपानं त्यांना हातानं खाली बसवलं, स्वतः उठली, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि मागे घ्यायची ती हातभर पुढे सरकवली, पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. सतरंजीही पुढे आली. मग ती बसली.

मी निघाले. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा हॉर्न बंद झाला होता, गाडी होती तिथेच उभी होती, आणि आपा त्या वॉचमनच्या पोरीच्या आजोबांचं नाव मोठ्यानं वाचून दाखवत होती.